अजानशी लावलेली शर्यत

धावणं ही माणसाची आदिम प्रेरणा आहे. आपला पूर्वज शिकारीमागे धावला आणि तिथून संस्कृतीला सुरुवात झाली, असं मी एका जाडजूड पुस्तकात वाचलं आहे. माझ्यात ही प्रेरणा नववीत असताना, जानेवारीतल्या एका सकाळी केजच्या बसस्टँडसमोर जागी झाली. पुढे शिकार नव्हती, मांजरसुंब्याला निघालेली काळीपिवळी होती. ड्रायव्हरनं मला आरशात पाहिलं होतं. तो थांबलाही नाही आणि निघूनही गेला नाही. माझा हात मागच्या दाराला लागणार असं दिसलं की तेवढ्यापुरती गाडी पुढे काढायचा. आतले लोक हसत होते, एकानं तर माझ्यावर शर्यत लावायची तयारी दाखवली. पेट्रोलपंपापाशी ड्रायव्हरला कंटाळा आला आणि त्यानं मला आत घेतलं.

तोवर एक विचित्र गोष्ट झाली होती. मला मजा यायला लागली होती. गाडी थांबली तेव्हा थोडं वाईटच वाटलं.

आत कोपऱ्यात सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते. सगळं गाव त्यांना फौजी म्हणतं. बाजार समितीच्या मागच्या मैदानावर ते रोज पहाटे पोलीस भरतीच्या पोरांना पळवत. आमच्या भागात भरतीच्या अकॅडम्या पुष्कळ आहेत आणि त्यांच्या फ्लेक्सवर वाघ, गरुड आणि संचालकांचा गॉगल असतो. फौजींचा फ्लेक्स नव्हता. एक शिट्टी होती, एक स्टॉपवॉच होतं आणि वीस-बावीस पोरं होती.

"दम लागला न्हाई बे तुला?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. एवढं म्हणण्यापुरताच शिल्लक होता.

महिनाभर मनाची तयारी करून फेब्रुवारीच्या शेवटी मी त्यांच्या मैदानावर गेलो. आमच्याकडे "सोळाशे" म्हटलं की पुढे मीटर म्हणावं लागत नाही. भरतीत पोरांना तेवढंच पळायचं असतं. एका मैलाला नऊ मीटर कमी, म्हणून अब्बांच्या वयाची माणसं त्याला सरळ मैल म्हणतात. फौजींनी चुन्याच्या फक्कीनं चारशे मीटरचा गोल आखलेला होता, त्याच्या चार फेऱ्या. पहिली फेरी मी समोर काळीपिवळी असल्यासारखा पळालो. दुसरीत ती काळीपिवळी दिसेनाशी झाली. तिसरीत मफलर गुंडाळून फिरायला आलेल्या एका म्हाताऱ्यांनी मला मागं टाकलं आणि जाताना माझी चौकशीही केली. चौथी संपली तेव्हा स्टॉपवॉचवर सात मिनिटं वीस सेकंद झाले होते.

फौजी म्हणाले की आता रमजान लागतोय, ईदनंतरच्या रविवारी ते नव्या पोरांची चाचणी घेणार आहेत. सहा मिनिटांच्या आत आलो तर पहाटेच्या बॅचमध्ये घेतील, नाहीतर नाही. "बारकी पोरं सांभाळायला मी अंगणवाडी काढलेली न्हाई," असंही म्हणाले.

मला त्या बॅचमध्ये जायचंच होतं. तोवर माझी निवड फक्त फळा पुसण्यासाठी झालेली होती. अंधारातून एका तालात येणारा वीस जोड्या बुटांचा आवाज मी त्या सकाळी ऐकला होता. त्यात एकविसावी जोडी माझी असावी, यापलीकडे मला काही सुचत नव्हतं. ऐंशी सेकंद कमी करायचे होते आणि हातात पाच आठवडे होते. त्यातले चार रोज्यांचे.

रोजा ठेवून पळायचं तर ते इफ्तारच्या अगदी तोंडावरच, म्हणजे पळून झालं की लगेच पाणी मिळतं. तशी सोय आमच्या घरात जवळजवळ तयारच होती. अब्बांचा फळांचा गाडा हायवेच्या चौकात असतो. रमजानमध्ये संध्याकाळी तिथं पपई, कलिंगड, खरबूज, खजूर यांची झुंबड उडते. म्हणून अब्बा तिथंच समोरच्या गॅरेजवाल्याबरोबर रोजा सोडत आणि मी शाळेनंतर गाड्यावर हातभार लावून अम्मी आणि आपाबरोबर रोजा सोडायला घरी येई. नेहमी मी सव्वासहाला चालत निघायचो. पहिल्या रोज्याला मी अब्बांना म्हणालो की गर्दी आहे, मी सहा अठ्ठावीसपर्यंत थांबतो. मुलाला जबाबदारीची जाणीव झाली, असं त्यांना वाटलं. गॅरेजवाल्याला त्यांनी ते दोनदा सांगितलं.

सहा अठ्ठावीस हा आकडा मी काढला होता, कारण त्या दिवशी मगरिबची, म्हणजे रोजा सोडायची, अजान सहा पस्तीसला होती. मध्ये सात मिनिटं. गाड्यापासून घरापर्यंतचं अंतर गॅरेजवाल्यानं मोटारसायकलवर मोजून दिलं होतं, एक पूर्णांक सहा दशांश किलोमीटर. त्याच्या मीटरबद्दल शंका घेण्यात अर्थ नव्हता, ते त्यानं स्वतः दुरुस्त केलेलं होतं. माझ्याकडे ना घड्याळ होतं ना फोन. घरचा एकच फोन अम्मीकडे असे आणि उपाशीपोटी, तहानलेला मुलगा मैलभर पळत येतो हे तिला कळणं परवडणारं नव्हतं. म्हणून निघताना गॅरेजच्या भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि पोचताना अजान ऐकायची. अजानच्या जितका वेळ आधी पोचलो तितका सातातून वजा करायचा. उरेल ती माझी वेळ. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात म्हटलं होतं की प्रयोगात एक गोष्ट कायम ठेवावी लागते. मी सहा अठ्ठावीस कायम ठेवलं.

इफ्तारच्या आधीची ती पाच-दहा मिनिटं पळणाऱ्यासाठीच केलेली असावीत. मोहल्ल्याचे रस्ते एकदम रिकामे होतात. भजीच्या कढईपुढची रांग पांगलेली असते, शेवटचं गिऱ्हाईक कागदाचा पुडा छातीशी धरून माझ्याच दिशेनं पळत असतं, त्यामुळे माझ्याकडे कुणी वळूनही बघत नाही. त्या वेळेला सगळेच पळतात. जीभ टाळूला चिकटलेली, समोर भज्यांचा वास आणि शेवटच्या चढावर मशिदीचा हिरवा दिवा.

पहिल्या दिवशी मी चढावर असतानाच अजान सुरू झाली. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मात्र मी हातपाय धुऊन दस्तरखानावर बसलो, खजूर हातात घेतला, तरी अजान नाही. मी मनात आकडे मोजायला लागलो. पन्नासला अजान झाली. डोळे मिटून पुटपुटणाऱ्या माझ्याकडे अम्मी कौतुकानं बघत होती. तिला वाटलं मी दुआ मागतोय.

पुढचे तीन दिवस पन्नास, पंचावन्न, साठ. आठव्या दिवशी एकदम एकशे वीस. म्हणजे दोन मिनिटं आधी, म्हणजे सोळाशे मीटर पाच मिनिटांत.

प्रगती अशी तीन-तीन दिवस थांबून मग एकदम मिनिटानं उडी कशी घेते, याचा मी विचार केला नाही असं नाही. वाचनालयात व्यायामावरचं एक मासिक यायचं, त्यात याचं उत्तर सापडलं. शरीर मेहनत काही दिवस साठवून ठेवतं आणि मग एकदम परत करतं, असं त्यात लिहिलं होतं. मला ते तंतोतंत पटलं. वाचनाचा हा एक तोटा आहे. चुकीच्या गोष्टीलाही आधार मिळतो.

त्याच आठवड्यात फौजी गाड्यावर खरबूज घ्यायला आले. मला गप्प बसवलं नाही. मी सांगून टाकलं की सोळाशे पाचात येतो.

"कशात?"

"पाच मिनिटांत."

त्यांनी माझ्या पायातल्या सँडलकडे पाहिलं, मग खरबुजाचा वास घेतला. "घड्याळ दुरुस्त कर बे आधी," म्हणाले आणि हेच खरबूज दे म्हणून अब्बांना सांगितलं. मी त्यांना मनातून माफ केलं. मोठ्या माणसांना नव्या पिढीचं यश पचायला वेळ लागतो, हेही मी कुठेतरी वाचलं होतं.

बाराव्या रोज्याला मी जवळजवळ एकशे नव्वदपर्यंत मोजलं. सातातून वजा केले तर तीन मिनिटं पन्नास सेकंद उरत होते. जगात आजवर एक मैल सर्वांत वेगात पळालेल्या माणसाची वेळ चार मिनिटांच्या थोडी आत आहे, हे मला माहीत होतं. मी नववीत होतो, सँडल घालून पळत होतो, दिवसभर पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता आणि वाटेत एक चढ होता.

त्या संध्याकाळी तासभर तरी मी हे खरं मानलं, हे कबूल केलं पाहिजे. तो तास फार चांगला गेला. मी भाषणाची सुरुवातही ठरवली.

मग हे एकट्याच्या पोटात ठेवणं अशक्य झालं आणि मी आपाला गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. आपा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, अकरावी सायन्सला. घरात अम्मी-अब्बांशी आम्ही दख्खनी बोलतो, आपसात शाळेतली मराठी, आणि आपाला समोरच्याची अक्कल काढायची असली की ती दख्खनीवर येते. तिनं शांतपणे सगळं ऐकलं. सहा अठ्ठावीस, मोजणी, वजाबाकी, मासिक. मग मला खाली नेऊन स्वयंपाकघराच्या दारासमोर उभं केलं. तिथं एका कापडाच्या दुकानानं वाटलेलं रमजानचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. तीस ओळी. सहेरीची वेळ, इफ्तारची वेळ. पहिल्या रोज्याला इफ्तार सहा पस्तीस. चौथ्याला छत्तीस. आठव्याला सदतीस. बाराव्याला अडतीस.

"सूरज ठैर के जा रा रे," आपा म्हणाली. "तू जल्दी नई आ रा."

त्या कागदासमोर बसून मी बारा दिवस जेवलो होतो. मार्च महिन्यात दिवस मोठा होतो हे मला भूगोलात विचारलं असतं तर मी आकृतीसह लिहिलं असतं. सूर्य दर चार दिवसांनी मिनिटभर उशिरा मावळत होता आणि त्याचं श्रेय मी घेत होतो. माझ्या हिशोबानं गेलो असतो तर शेवटच्या रोज्यापर्यंत मी निघायच्या आधीच घरी पोचलो असतो.

आपा हसली नाही, म्हणजे तिला फारच हसू येत होतं. शेवटी तिनं विचारलं, "पण चाचणी किती दिवसांनी?" मी म्हणालो, तेवीस. माझी खरी वेळ किती आहे हे आता कुणालाच माहीत नव्हतं. कदाचित अजूनही सात वीसच असेल. बॅच हातातून गेली असं मला वाटत होतं.

"मग उद्या नीट मोजू," ती म्हणाली.

आता मोजायची पद्धत आपानं ठरवली. मी गाड्यावरून सुटलो की त्याच क्षणी गॅरेजवाल्यानं अम्मीच्या फोनवर मिस्ड कॉल द्यायचा. फोन आपाच्या हातात असेल, रिंग वाजली की ती स्टॉपवॉच चालू करेल, मी उंबऱ्याला पाय लावला की बंद. गॅरेजवाल्याला हे काम इतकं आवडलं की त्यानं पहिल्या दिवशी समोरचं गिऱ्हाईक थांबवून, ग्रीसचा हात पुसून, फोन उंच धरून "एक, दो" असं मोजलं. पोचलो तेव्हा आपानं फोन माझ्यासमोर धरला. सहा मिनिटं बावन्न सेकंद.

अठ्ठावीस सेकंद. सूर्याचा त्यात काही हात नव्हता. तीन पन्नासच्या दिवशी मी जितका खूश होतो त्याच्या कितीतरी पट त्या सहा बावन्नला झालो. मी अंगणात उड्या मारल्या आणि पाण्याचा ग्लास सांडला.

त्यानंतरचे दिवस मला एकामागून एक आठवतात. आपानं मला सुरुवातीला हळू पळायला लावलं, चढाआधी श्वास राखायला लावला. आठवडी बाजारातून मी शाळेच्या पांढऱ्या कॅनव्हासचे बूट घेऊन आलो, सँडल सुटले. सहा सत्तेचाळीस. सहा एक्केचाळीस. एक दिवस म्हशी आडव्या आल्या, तो धरला नाही. सहा पस्तीस. रोज सहा अठ्ठावीसला माझं हृदय निघायच्या आधीच पळायला लागायचं.

एकोणिसाव्या की विसाव्या रोज्याला आपा नमाजासाठी हातपाय धुऊन वजू करत होती आणि फोन अम्मीनं उचलला. गॅरेजवाल्याला मिस्ड कॉल उचलला जाण्याची सवय नव्हती. तो घाबरला आणि म्हणाला, "भाभी, निकल गया."

पुढची साडेसहा मिनिटं अम्मीनं कशी काढली हे तिनं मला नंतर बऱ्याचदा ऐकवलं. कोण निघून गेलं, कुठून, कशानं, गाड्यावर काय झालं, काहीच कळेना. ती चप्पल न घालता गल्लीच्या तोंडाशी आली, आणि समोरून मी, जिवंत, लाल, तोंड वासून पळत येत होतो. तिनं आधी मला मिठी मारली आणि मग एक ठेवून दिली. आपाला दोन. रोजा सुटल्यावर मला दोन ग्लास लिंबूपाणी पाजून म्हणाली की हे आजपासून बंद.

आपानं फक्त रोजच्या वेळा लिहिलेला कागद तिच्यापुढे ठेवला. अम्मी चौथीपर्यंत शिकलेली आहे, पण कमी होत जाणारा आकडा वाचायला तेवढं पुरतं. तिनं तो दोनदा वरून खाली वाचला. विचारलं, किती व्हायला पाहिजे. मी म्हणालो, पाच एकोणसाठ. तिनं दोन अटी घातल्या. पहाटे सहेरीला दही-भात पोटभर खायचा आणि चक्कर आली तर जिथल्या तिथं बसायचं. दुसऱ्या दिवसापासून दारात फोन घेऊन ती स्वतः उभी राहू लागली. आपा बटण उशिरा दाबते, असा तिचा आरोप होता.

शेवटच्या रोज्याला सहा अठरा झाले. ईदच्या दिवशी मी शीरखुर्मा खाऊन झोपलो. मग चाचणीपर्यंत पाच दिवस होते, पोटात अन्न आणि पाणी घेऊन, सकाळच्या गारव्यात. पहिल्याच दिवशी सहा आठ. पाय कुणी दुसऱ्यानं दिल्यासारखे वाटत होते. शनिवारी सहा तीन. तिथं अडकलं. चार सेकंद.

रविवारी सकाळी सहाला मैदानावर अकरा पोरं होती. पलीकडे भिंतीपाशी गॅरेजवाल्याची मोटारसायकल होती आणि तिच्यावर मागे अब्बा बसले होते. मी पाहिल्यावर ते म्हणाले की इकडे एक काम होतं. रविवारी सकाळी सहाला बाजार समितीच्या मागे फळवाल्याचं काय काम असतं, हे मी विचारलं नाही.

शिट्टी वाजली. बाकीची दहाही पोरं सुसाट सुटली, मी शेवटचा. आपानं सांगितलं होतं की पहिली फेरी अपमान सहन करायचा. फौजी ओरडले, "पोहायला आलायस काय बे?" पहिली फेरी नव्वदला संपली. दुसरीत दोन पोरं मागे आली. म्हणजे ती मागे आली, मी होतो त्याच चालीत होतो, आणि हे कळल्यावर मला पळता पळता हसू आलं. तिसरीत आणखी चार. मान वर, खांदे सैल, फक्कीची रेघ डाव्या पायाखाली. शेवटच्या फेरीला फौजींनी आकडा ओरडला, चार बत्तीस. म्हणजे शेवटची फेरी सत्याऐंशी सेकंदांत संपवायला हवी होती, आणि तोवरच्या कुठल्याच फेरीला मला नव्वदच्या खाली येता आलं नव्हतं.

त्या फेरीतलं मला फार आठवत नाही. वळणावर गॅरेजवाला मोटारसायकल सोडून कडेनं पळत होता आणि मोठ्यानं मोजत होता, बहुधा सवयीनं. घशात लोखंडाची चव होती. शेवटच्या शंभराला पाय जड व्हायला हवे होते, ते झाले, पण मी त्यांना काही विचारलं नाही. रेघ ओलांडून मी पुढे जाऊन मातीत बसलो.

फौजी चालत आले. त्यांनी स्टॉपवॉच माझ्या डोळ्यांसमोर धरलं. पाच अठ्ठावन्न.

"ह्ये घड्याळ बरोबर हाय," ते म्हणाले. "उद्या पाचला. उशीर झाला तर तसंच माघारी जायचं."

अब्बांनी माझ्या बुटांवरची माती झटकली, जी लगेच पुन्हा बसणार होती. घरी अम्मीनं आकडा ऐकला, मग आपाला विचारलं की बटण कुणी दाबलं होतं.

त्या रात्री मी कपडे घालूनच झोपलो. दुसऱ्या दिवशी पाचला वीस कमी असताना मैदानावर पोचलो. अंधारातून एकेक जण येत होता आणि कुणी मला तू कोण म्हणून विचारलं नाही. पाचला फौजींनी रांग लावली. मी एकविसावा. फौजींनी घसा साफ केला आणि सांगितलं की शुक्रवारी एका उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार आहेत, त्यांचं हेलिकॉप्टर याच मैदानावर उतरायचं आहे, तेव्हा तोपर्यंत पळणं बंद.

आम्ही चार दिवस दगड वेचले. पाहुणे मोटारीनं आले.